टक्कल पडलेला टायर आणि स्लिक टायर

(आपल्या बॅचच्या वाशी येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मोटार शर्यतीचे थरारक अनुभव’ असं छापलं आहे. संयोजकांची क्षमा मागून मी विषय बदलतोय. अनुभव सांगायला लागलो तर मी किती शूर आहे एवढंच तुमच्या कानावर पडेल, आणि ज्यांनी मला पी.टी.च्या तासाला पाहिलंय ते हसतील. म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो. हौशी माणसानं शर्यतीच्या साध्या चारदारी गाडीला स्लिक टायर कोणते घ्यावेत? विषय ऐकून मागच्या रांगेतल्या दोघांनी मोबाइल काढलेले दिसतात. हरकत नाही, तुम्ही वर्गातही मागेच बसायचात.

हौशी म्हणजे काय ते आधी सांगतो. आठवडाभर मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात नोकरी करतो. वर्षातले तीन-चार शनिवार-रविवार शर्यतीला जातात. गाडी जुनी एस्टीम. आतली मागची सीट, गालिचे, एसी सगळं काढून त्या जागी लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलाय. ती तुर्भ्याला एका गॅरेजमध्ये असते. शर्यतीसाठी फेडरेशनचं, म्हणजे एफएमएससीआयचं, लायसन्स काढावं लागतं. गाडी रस्त्यावरून चालवत नेता येत नाही, ट्रकवर चढवून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू करत चेन्नईला न्यावी लागते. सुमारे १३०० किलोमीटर. तिथे इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक आहे, १९९० पासून चालू असलेला, ३.७ किलोमीटरचा. दुसरा कोइम्बतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा. करी हे नाव एस. करिवर्धन यांचं. आपण शाळेत होतो त्या काळात त्यांनी मारुतीच्या इंजिनावर शर्यतीच्या गाड्या बांधल्या आणि या देशात पैसेवाल्यांपलीकडच्या पोरांनाही शर्यत खेळता येईल असं केलं. त्याआधी शर्यती जुन्या धावपट्ट्यांवर व्हायच्या, मद्रासजवळ शोलावरमला आणि आपल्याकडे जुहूलाही.

आता स्लिक. ज्या टायरवर नक्षी नाही, खाचा नाहीत, पूर्ण गुळगुळीत, तो स्लिक. इथे पहिला गैरसमज होतो. आपल्याकडे रिक्षाचा टायर झिजून गोटा झाला की लोक म्हणतात, ‘बघ, स्लिक झालाय.’ नाही. टक्कल पडलेला टायर म्हणजे ज्याचं कामाचं रबर संपलं तो. स्लिकचं सगळं रबर शाबूत असतं, फक्त पाणी बाहेर फेकण्यासाठी खाचा ठेवलेल्या नसतात. कोरड्या ट्रॅकवर त्यांची गरज नसते. रस्त्यावर मात्र असते. गाडीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच हवी असा नियम आहे, आणि जून-जुलैत वाशीच्या पुलावर पाणी उभं असताना तो नियम का आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. पाम बीच रोडवर रात्री गाड्या पळवणारी जी पोरं आहेत, त्यांच्यापैकी कुणी तुमच्या घरातलं असेल आणि ‘स्लिक लावू का’ म्हणून विचारत असेल, तर उत्तर एकच. नाही. पोलिसांची भीती हे त्याचं एक कारण झालं. दुसरं कारण असं की थंड स्लिकला साध्या टायरइतकीही पकड नसते, आणि पाम बीचवर तो कधीच पुरेसा तापत नाही.

तापण्याकडे येतोच. पण समोर आपल्या विज्ञानाच्या बाई बसल्या आहेत आणि मला त्यांच्याशी एक जुना हिशेब मिटवायचा आहे. बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंत की घर्षण हे स्पर्श करणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. विटेचं उदाहरण दिलं होतंत. वीट आडवी ठेवा नाही तर उभी, ओढायला तेवढंच बळ लागतं. मग रेसिंगचे टायर रुंद का असतात? बाई बरोबरच होत्या, पण वीट रबराची नव्हती. रबर दोन प्रकारे धरतं. एक, ते रस्त्याच्या खडबडीत कणांवर अगदी जवळून चिकटतं. दुसरं, ते त्या कणांभोवती दाबलं जातं, वाकतं, आणि पूर्ववत व्हायला थोडा उशीर लावतं. त्या उशिरातच ऊर्जा खर्च होते आणि पकड मिळते. त्यामुळे टायरवर भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या टायरवर जातं. डाव्याला जेवढी पकड जादा मिळते, त्याहून जास्त उजव्याची जाते. तोच भार रुंद टायरवर पसरला की नुकसान कमी.

नक्षी नसण्याचा फायदाही लोकांना वाटतो तेवढा साधा नाही. ‘रबर जास्त टेकतं म्हणून’ हे अर्धं उत्तर झालं. नक्षीचे तुकडे म्हणजे रबराचे सुटे ठोकळे. वळणावर प्रत्येक ठोकळा खोडरबरासारखा वाकतो, मुळाशी तापतो, मऊ रबराचा असेल तर तुटतोच. स्लिकमध्ये ठोकळेच नाहीत, सलग पट्टा आहे, म्हणून त्यात खूप मऊ रबर वापरता येतं. खरी कमाई त्या मऊपणाची आहे. फॉर्म्युला वनवाल्यांनी १९९८ मध्ये गाड्यांचा वेग आवरण्यासाठी टायरमध्ये मुद्दाम खाचा घालायला लावल्या आणि २००९ मध्ये स्लिक परत आणले. यावरून काय ते समजा.

मग सगळ्यात मऊ टायर घ्यावा, संपलं? इथेच हौशी माणूस फसतो.

प्रत्येक स्लिकच्या रबराचा एक तापमानाचा पट्टा असतो. पुष्कळ टायरांचा तो साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, कंपाउंडप्रमाणे खाली-वर. त्याच्या खाली टायर लाकडासारखा घसरतो. त्याच्या वर गेला की पृष्ठभाग लोण्यासारखा होतो, फोड येतात, आणि दोन फेऱ्यांत टायर संपतो. टायर तापवतं कोण? गाडीचं वजन, वेग, वळणं आणि चालवणाऱ्याचा हात. माझी गाडी माणसासकट हजार किलोच्या आत आहे. परदेशातल्या मोठ्या, जड गाडीसाठी केलेला कडक टायर तिला लावला तर ती तो तापवूच शकत नाही. उलट, एका सीटच्या फॉर्म्युला गाडीचा टायर लावला, तर त्या गाडीचं वजन माझ्या गाडीच्या जवळपास निम्मं असतं, म्हणून त्याची साइडवॉल नाजूक केलेली असते. माझ्या गाडीखाली ती वळणावर दुमडते. म्हणजे पहिला प्रश्न ‘मऊ की कडक’ हा नाही. ‘हा टायर कुठल्या गाडीसाठी जन्माला आला’ हा आहे.

राष्ट्रीय स्पर्धेच्या गटांत हा प्रश्न सहसा नियमपुस्तिकाच सोडवते. टायरची कंपनी ठरलेली असते, माप ठरलेलं असतं, किती नग वापरायचे तेही. चेन्नईत बहुतेक एमआरएफचेच टायर दिसतात. त्या कंपनीनं १९४६ मध्ये फुगे बनवण्यापासून सुरुवात केली होती, हे मला फार आवडतं. हवा धरून ठेवण्याचा धंदा तेव्हापासूनचा. पण सराव, ट्रॅक डे, वेळेविरुद्धच्या शर्यती, या सगळ्यात निवड तुमची असते आणि तिथे बहुतेक जण जुने टायर घेतात, कारण नवा संच परवडत नाही.

त्यावरून एक प्रसंग सांगतो. आपल्या वर्गातलाच एक जण आज इथे बसला आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही, उगाच माना वळवू नका. त्याचा मुलगा बावीस वर्षांचा. इंजिनिअरिंग करता करता त्यानं जुनी गाडी तयार केली, लायसन्स काढलं, नोकरीच्या पहिल्या वर्षाचे पैसे साठवले आणि एका हंगामाचा हिशेब मांडला. ट्रकचं भाडं, प्रवेश फी, पेट्रोल, राहणं. उरलेल्या पैशांत टायरचा एकच संच बसत होता. तो चुकला तर हंगाम संपला. बापाची काळजी वेगळी होती. फोनवर तो मला म्हणाला, ‘अरे, पैसे गेले तर गेले. टायर फुटला तर?’

तिघं मिळून तुर्भ्यात एका विक्रेत्याच्या गोदामात गेलो. दोन संच होते, दोन्ही १३ इंची. पहिला काळाकुळकुळीत, चकचकीत, झीज जवळजवळ शून्य, किंमतही कमी. दुसरा कुरूप. अर्धा झिजलेला, त्यावर ट्रॅकवरचे रबराचे तुकडे आणि खडी चिकटलेली, किंमत जास्त. पोराची नजर पहिल्यावर खिळली. बाप म्हणाला, ‘जुने कपडे कशाला घ्यायचे, हे नवेच आहेत की.’

मी खिशातून एक छोटं यंत्र काढलं. ड्युरोमीटर म्हणतात. रबरावर टेकवलं की बारीक टोक आत जातं आणि कडकपणाचा आकडा दाखवतं. रेसिंगचा नवा मऊ टायर पन्नाशीच्या आसपास दाखवतो. त्या चकचकीत टायरनं ७२ दाखवले. मग साइडवॉलवरचा चार आकडी शिक्का शोधला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर सात वर्षांचा होता. चालवलेला नव्हता, पण रबर म्हातारं होण्यासाठी चालवावं लागत नाही. ऊन, ओझोन आणि गोदामाच्या पत्र्याखालची गरमी पुरते. आणखी एक गोष्ट होती. चारपैकी दोन अरुंद आणि दोन रुंद. म्हणजे संच फॉर्म्युला गाडीचा होता, मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीचा. पोराची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. रुंद टायर मागे लावून तिला काय मिळणार?

कुरूप संच सलून गाडीचा होता, दोन वर्षांचा, चारही टायर एका मापाचे, आकडा ५८. पोरानं विचारलं, ‘काका, नक्षीच नाही तर झीज कशी कळणार?’ चांगला प्रश्न आहे. स्लिकच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतरावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतात. त्यांची खोली मोजायची. भोक दिसेनासं झालं की रबर संपलं. त्या संचाची भोकं निम्मी शिल्लक होती. आतून हात फिरवला, धागा वर आला आहे का, गाठ लागते का, ते पाहिलं. मणी, म्हणजे रिमवर बसणारी कड, कुठे चेपलेली नव्हती. वरचे चिकटलेले तुकडे गरम हवेच्या गननं मऊ करून खरवडून काढता येतात, गॅरेजमधला पोरगा ते दुपारभरात करतो.

पोरगा नाराज होता. त्यानं कुरूप संच घेतला, पण माझ्याकडे न बघता.

घरी गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की मापही वेगळं आहे. आपल्या जुन्या गाड्यांच्या टायरवर १७५/७० आर १३ असं लिहिलेलं असतं. त्यातला ७० म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. हिशेब केला तर टायरचा पूर्ण व्यास ५७५ मिलिमीटर येतो. स्लिकवर १८०/५५० आर १३ असं लिहिलेलं. इथे ५५० म्हणजे टक्के नाहीत, सरळ व्यास मिलिमीटरमध्ये. (काही कंपन्या तो इंचात लिहितात, म्हणून विकत घेताना टेप जवळ ठेवा.) व्यास चार टक्क्यांनी कमी झाला म्हणजे गाडी तेवढी खाली बसली आणि प्रत्येक गिअर तेवढा आखूड झाला. लांब सरळ पट्ट्यावर इंजिन लवकर किंचाळायला लागतं. आणि रिम. अशा टायरला सहा-सात इंच रुंद रिम लागते. गाडीच्या मूळच्या पाच इंची रिमवर तो बसवला की मधोमध फुगतो, फक्त मधलाच पट्टा टेकतो आणि रुंद टायर घेण्यात काही अर्थ उरत नाही. टायरच्या पैशांत रिमचे पैसे धरा, हे सांगायला कुणी विक्रेता येत नाही.

ऑइलचंही बघावं लागतं. स्लिकवर गाडी इतक्या जोरात वळते की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला चढतं आणि पंपाचं तोंड कोरडं पडतं. लांब वळणावर दोन-तीन सेकंद पुरतात, बेअरिंग जातं. चेंबरमध्ये आडवे पत्रे झाळून घ्यावे लागतात. टायर चांगले निघाले म्हणून इंजिन गेलं, असं चेन्नईच्या पॅडॉकमध्ये दर हंगामात कुणाचं तरी होतं.

त्या पोराच्या पहिल्या सरावाला मी गेलो होतो. दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी गर्रकन फिरली. भिंतीपासून लांब, काही लागलं नाही. तो उतरून म्हणाला, ‘काका, टायर बेकार आहेत.’ मी पायरोमीटरची सुई टायरमध्ये खुपसली. पुढचे ८५ अंश, मागचे ४५. ओढणाऱ्या चाकांच्या गाडीत पुढचे टायर ढकलतात, वळतात आणि ब्रेकही जास्त तेच झेलतात. मागचे नुसते मागून येतात. म्हणून पुढचं टोक चिकटलेलं आणि मागचं अजून बर्फावर, अशी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गाडीची अवस्था असते. त्यात चालवणाऱ्यानं वळणावर घाबरून पाय उचलला की मागचा भाग पुढे यायला निघतो. टायर बेकार नव्हते, थंड होते.

इथे पुन्हा बाईंकडे यावं लागतं. बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो, हे नववीचं की दहावीचं सूत्र, केल्विनमध्ये मांडायचं. समजा सकाळी ३० अंशांत मी टायरमध्ये २२ पौंड हवा भरली. गेज वातावरणाचा दाब मोजत नाही, म्हणून त्यात १४.७ मिळवायचे, ३६.७ झाले. ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन. शर्यतीत पुढच्या टायरमधली हवा ८० अंशांवर, म्हणजे ३५३ केल्विनवर गेली. ३६.७ गुणिले ३५३ भागिले ३०३. उत्तर ४२.८, त्यातून १४.७ गेले, गेजवर २८ पौंड. आता मागचा टायर. त्यातली हवा ५० अंशांवरच थांबते. तिथेही शेवटी २८ च हवे असतील तर सकाळी २२ भरून चालणार नाही, २५ भरावे लागतात. करून बघा, साडेसत्तावीसच्या थोडं वर येतात. त्या पोराच्या चारही टायरांत २२ होते. आम्ही मागे २५ केले आणि त्याला सांगितलं, पहिल्या तीन फेऱ्या मागच्या टायरांसाठी चालव, घड्याळासाठी नको. बाई, तीस वर्षांनी का होईना, ते सूत्र वापरलं.

हवेत पाण्याचा अंश असेल तर दाब या हिशेबापेक्षा जास्त चढतो, म्हणून काही जण नायट्रोजन भरतात. तो कोरडा असतो, एवढाच त्याचा चमत्कार. आणि सकाळी सावलीत मोजलेला टायर दुपारी उन्हात ठेवून पुन्हा मोजला तर न चालवता दोन पौंड वाढलेला दिसतो. तिथे गडबडून हवा सोडणारे मी दर वेळी पाहतो.

सुई नेहमी तीन ठिकाणी खुपसायची, आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त. मध्य थंड असेल तर हवा कमी. बाहेरची कड जास्त गरम म्हणजे चाक वळणावर बाहेरून टेकतंय, कॅम्बर वाढवा, चाकाचा माथा आत झुकवा. आतली कड पाच-सात अंशांनी गरम असली तर ठीक. लांबून रोखायची इन्फ्रारेड गन स्वस्त आहे, पण ती फक्त पृष्ठभाग वाचते आणि गाडी पिटमध्ये हळू येईपर्यंत पृष्ठभाग गार झालेला असतो. सुई आतलं रबर वाचते. पैसे खर्च करायचेच तर टायरच्या आधी सुई आणि चांगलं गेज घ्या. माझं तर मत आहे की ज्याच्याकडे सुई नाही त्यानं मऊ-कडकच्या चर्चेत तोंड उघडू नये. हे बोलून मी काही मित्र गमावले आहेत.

पावसाचं थोडक्यात. चेन्नईचा पाऊस ऑक्टोबरनंतर जोरात असतो, पण सरी त्याआधीही येतात. ट्रॅक पूर्ण ओला असेल तर प्रश्नच नाही, खाचांचे टायर. पूर्ण कोरडा असेल तरी प्रश्न नाही. जीव खालीवर होतो तो अर्धवट ओल्यात. स्लिक लावले आणि ट्रॅक वाळला तर तुम्ही हिरो. खाचांचे लावले आणि वाळला तर त्यांचे ठोकळे तापून तुटायला लागतात आणि मागचे एकेक जण पुढे जातात. गेल्या हंगामात सुरुवातीच्या वीस मिनिटं आधी सर येऊन गेली. आकाश उघडलं होतं. मी खाचांचे ठेवले. शेवटच्या तीन फेऱ्यांत स्लिकवाले दोघं मला मागे टाकून गेले आणि मी पाचवा आलो. स्लिक लावलेले आणखी तिघं पहिल्याच फेरीत वाळूत गेले होते. माझ्या गाडीचे चारही दरवाजे शाबूत घेऊन ट्रक तुर्भ्याला परत आला. ज्याला सोमवारी कामावर जायचंय आणि गाडीचा पत्रा स्वतःच्या पगारातून ठोकून घ्यायचाय, त्यानं अर्धवट ओल्यात खाचांचेच टायर लावावेत असं मी मानतो. व्यावसायिक चालकाचं गणित वेगळं असतं.

सगळ्यात स्वस्तात स्लिक शिकायचे असतील तर कार्टिंग. कार्टचे टायरही स्लिकच असतात, चिमुकले. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथून पुढे मोठ्या गाड्यांत गेलेली मुलं आहेत. थंड टायर, गरम टायर, फार तापलेला टायर, हे तिन्ही कार्टवर पार्श्वभागाला थेट कळतं. बाई, माफ करा, दुसरा शब्द सापडला नाही.

त्या पोराचं पुढे काय झालं हे विचारणार तुम्ही. तो संच चार फेऱ्या, म्हणजे पूर्ण हंगाम, पुरला. घड्याळाच्या दिशेनं धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळे डावा पुढचा टायर सगळ्यात आधी मरतो. तो दर शर्यतीनंतर टायर फिरवत राहिला. कुठला टायर किती वेळा तापून गार झाला याची त्यानं वही ठेवली, कारण दर वेळी रबर थोडं कडक होतं. सतरा गाड्यांत त्याचा सगळ्यात चांगला नंबर नववा. शेवटच्या शर्यतीला त्याचे आई-वडील दोघंही चेन्नईला आले होते. बाप सगळी शर्यत पिटच्या भिंतीला पाठ लावून उभा होता, ट्रॅककडे एकदाही न बघता, फक्त माझ्या तोंडाकडे.

आता पुढच्या हंगामासाठी तो नवा संच घेतोय. मी त्याला सांगितलंय की पहिल्या दिवशी दोनच फेऱ्या हळू मार, वरची चकाकी निघू दे, मग एक दिवस टायर तसेच राहू देत. आणि घरी ठेवायचे तर माळ्यावर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, उभे, इन्व्हर्टर आणि पंपाच्या मोटरपासून लांब. विजेच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो, तो रबराला भेगा पाडतो. त्याची आई म्हणते, माळ्यावर दिवाळीचं सामान आहे. तो वाद अजून मिटलेला नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी एक स्लिक आणि एक टक्कल पडलेला टायर ठेवले आहेत, ड्युरोमीटरही आहे. दोन्हीला यंत्र लावून आकडा बघा. बाईंनी आधी लावावं अशी विनंती आहे. हात काळे होतील, बेसिन जिन्याखाली आहे.